दप्तर कुणाच्या ताब्यात?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकतोय. निमित्त आहे माळ्यावरचं एक खोकं. त्यात निघाल्या जुन्या सीडींच्या चवडी. बहुतेक सगळ्या भंगारात गेल्या, पण एकीवर माझ्याच अक्षरात निळ्या मार्करने लिहिलेलं दिसलं: 'डीमॉझ – नक्कल – काकांना दाखवणे'. मग काय, साफसफाई राहिली बाजूला.

घरच्यांना हे काका कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. माझे थोरले काका सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. सांगलीकडच्या सोसायट्या, पतसंस्था, दूधसंस्था तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. संस्था कसलीही असो आणि भांडण कसलंही असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दप्तर कुणाच्या ताब्यात आहे?" इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, खतावणी हे ज्याच्या कपाटात, तोच शेवटी जिंकतो, बाकीचे नुसते सभासद, असं त्यांचं म्हणणं.

२००३ साली मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं की मी आता 'संपादक' झालोय. पेपरचा? नाही. मासिकाचा? नाही. जालावरच्या एका सूचीचा. पगार किती? नाही. मग मालक कोण? अमेरिकेतली एक कंपनी. काकांनी चष्मा काढून पुसला (हे लक्षण चांगलं नसतं) आणि विचारलं, "म्हणजे तू रात्री जागून फुकट काम करणार, आणि दप्तर त्यांच्या कपाटात?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला नीट द्यायला वीसेक वर्षं लागली. म्हणून हा लेख.

आमच्या भाचरांना कदाचित खरं वाटणार नाही, पण एके काळी जालावरची स्थळं शोधायला माणसांनी हाताने केलेल्या याद्या असत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्नमध्ये अशी एक विषयवार यादी सुरू केली आणि पुढे एकेक विषय त्या त्या विषयाच्या जाणकार स्वयंसेवकांकडे गेला. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडत्या स्थळांची जी यादी केली, तिचीच पुढे याहू झाली. याहूची सूची पगारी माणसं बनवत. जाल वाढत होतं हजारांनी आणि माणसं होती मोजकी. स्थळ नोंदवायला पाठवलं की महिनोन् महिने पत्ता नाही. नोंद झाली तरी पुढे ते स्थळ मेलं, हललं, कुणी बघायचं?

रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल हे सन मायक्रोसिस्टिम्समधले दोन इंजिनिअर. (हे स्क्रेंटा म्हणजे तेच, ज्यांनी शाळकरी वयात, १९८२ मध्ये, गंमत म्हणून ॲपल टूसाठी एल्क क्लोनर नावाचा व्हायरस लिहिला होता. माणसाला वळण लागतं हो!) त्यांनी ५ जून १९९८ ला एक सूची सुरू केली. कल्पना साधी. पगारी संपादक पुरत नाहीत ना, मग ज्याला ज्या विषयाचं वेड आहे त्याच्याकडे त्या विषयाचा वर्ग द्या. स्क्रेंटांचा यूजनेटशी जुना संबंध होता, त्यामुळे सुरुवातीची विषयांची उतरंडही साधारण यूजनेटच्या गटांवरूनच बेतलेली होती.

नाव ठेवलं ग्नूहू. आणि इथेच काकांचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला, म्हणजे काकांना हे सगळं माहीत व्हायच्या पाच वर्षं आधी. स्लॅशडॉटवर आरडाओरडा झाला की लोकांकडून फुकट काम करून घेणारी ही खाजगी कंपनी, हिचा ग्नूच्या मुक्त सॉफ्टवेअरशी काय संबंध? ग्नूवाल्यांनीही हरकत घेतली. मग नाव झालं न्यूहू. त्यातल्या 'हू'वर याहूची हरकत आली. बारशाचा हा घोळ चालू असतानाच ऑक्टोबर १९९८ मध्ये नेटस्केपने अख्खी सूचीच विकत घेतली. तेव्हा तिच्यात साधारण १ लाख दुवे आणि साडेचार हजार संपादक होते. नाव मिळालं ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट. पत्ता डिरेक्टरी डॉट मोझिला डॉट ऑर्ग, आणि त्यावरून लाडाचं नाव डीमॉझ.

नेटस्केपने त्याच वर्षी आपल्या ब्राउझरचा सोर्सकोड जगाला खुला केला होता. मायक्रोसॉफ्टने पार जेरीला आणलं होतं, आणि 'आता सगळं लोकांना देऊन टाकू, लोकच आपल्याला तारतील' अशी तिथली हवा होती. त्या हवेत या सूचीचाही निर्णय झाला. सूचीतली सगळी माहिती कुणीही उतरवून घ्यावी, आपल्या स्थळावर वापरावी, धंद्यासाठी वापरली तरी चालेल, पैसे नाहीत. डेबियनच्या धर्तीवर एक 'सामाजिक करार'सुद्धा लिहिला गेला. ही सूची फुकट राहील आणि तयार झालेलं काम जालावरच्या लोकांना परत दिलं जाईल, असा त्याचा मथितार्थ.

हे परत देणं कसं होई ते सांगतो, कारण खरी गंमत त्यात आहे. सगळ्या सूचीची मोठमोठ्या फायलींत नक्कल काढून ती सर्व्हरवर ठेवलेली असे, आणि ताजी नक्कल साधारण दर आठवड्याला येई. मुख्य फायली दोन. एकीत वर्गांची उतरंड, म्हणजे कुठला वर्ग कुणाच्या पोटात, कुणाचा शेजारी कोण. दुसरीत प्रत्येक स्थळाचा पत्ता, शीर्षक, एकदोन ओळींचं वर्णन आणि वर्ग. मांडणी आरडीएफची. आयआयटी मद्रासचे रामनाथन गुहा तेव्हा नेटस्केपमध्ये होते. आरडीएफच्या जनकांपैकी ते एक, आणि आपण सगळे ब्लॉगवाले ज्या आरएसएसवर पोसलो त्याची १९९९ ची पहिली आवृत्तीही त्यांचीच. अर्थात डीमॉझची फाईल आरडीएफचे नियम पक्के व्हायच्या आधी जन्मलेली, त्यामुळे नियमांत कधीच नीट बसली नाही. जगातल्या किती प्रोग्रामरांनी ती वाचताना डोकं आपटलं असेल! मी त्यातला एक.

आता माझं काम. सांगली जिल्ह्याचा छोटासा वर्ग मी मागून घेतला. अर्ज करताना आपल्या वर्गात बसतील अशी दोनतीन स्थळं नमुन्यादाखल द्यायची, त्यांची शीर्षकं आणि वर्णनं आपण लिहायची. वर्णनाचे नियम कडक. 'सर्वोत्तम', 'अग्रगण्य', 'एकदा अवश्य भेट द्या' असलं काही चालणार नाही. स्थळावर काय आहे तेवढंच, कोरडं. लग्नपत्रिकेच्या भाषेवर वाढलेल्या माणसाला हे भलतंच अवघड जातं. चार महिन्यांत एकही नोंद केली नाही तर प्रवेश बंद.

माझ्या वर्गात जेमतेम बेचाळीस स्थळं झाली. द्राक्ष बागायतदारांचं एक, इंजिनिअरिंग कॉलेजं, एका पक्षीवेड्या डॉक्टरांचं, आणि एका जुन्या वाचनालयाचं. वाचनालयाचं स्थळ तिथल्याच एका उत्साही मुलाने बनवलं होतं. त्याचं मी लिहिलेलं वर्णन होतं इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर एवढंच: 'वाचनालयाचा इतिहास, दुर्मिळ ग्रंथांची यादी, वेळा आणि वर्गणी.' एक ओळ. ती लिहायला मला अर्धा तास लागला होता, कारण दुर्मिळ ग्रंथांची यादी मी वाचतच बसलो.

सहा महिन्यांनी गूगलवर त्या वाचनालयाचं नाव टाकलं. निकालात खाली माझी ओळ! गूगलने २००० सालापासून डीमॉझचीच नक्कल घेऊन 'गूगल डिरेक्टरी' चालवली होती. स्थळं मात्र आपल्या पेजरँकच्या क्रमाने लावली होती. शोधनिकालातही वर्णन म्हणून ते डीमॉझची ओळ उचलत. एओएल, लायकॉस, हॉटबॉट, अलेक्सा, सगळ्यांकडे तेच. शिवाय ज्यांची नावंही आपण ऐकली नाहीत अशी शेकड्यांनी छोटी स्थळं. माझ्या ओळीखाली माझं नाव कुठेच नव्हतं. काकांना फोन केला, "काका, बघा, माझं लिहिलेलं जगभर गेलं!"

"आणि मूळ वही?"

म्हणून ही सीडी. ऑफिसच्या जोडणीवरून रात्रभर फायली उतरवल्या, सीडीवर भरल्या आणि पुढच्या वेळी गावी गेल्यावर काकांच्या हातात ठेवल्या. म्हटलं ही घ्या नक्कल. सातबाऱ्याच्या नकलेला अर्ज करावा लागतो, इथे तेही नाही. कुणीही यावं, अख्खं दप्तर घेऊन जावं. कंपनी उद्या बुडाली तरी हे आपल्याकडे आहे.

काकांनी सीडी उलटसुलट करून पाहिली. त्यांच्याकडे संगणक नव्हता. पण नकलेच्या अटी काय, ते विचारलं. मी परवान्याचा मजकूर जमेल तसा मराठीत सांगितला. पहिली अट, वापरणाऱ्याने प्रत्येक पानावर डीमॉझचा उल्लेख असलेली चौकट लावायची, तिच्यात स्थळ सुचवायचा आणि संपादक व्हायचा दुवा द्यायचा. "रास्त आहे," काका म्हणाले. दुसरी अट, परवान्यात काही बदल झालाय का ते वापरणाऱ्याने वेळोवेळी येऊन बघायचं, आणि बदल पटला नाही तर वापर थांबवायचा. काकांनी तिथे बोट ठेवलं. "हे म्हणजे संचालक मंडळ वाटेल तेव्हा पोटनियम बदलणार, आणि सभासदांनी रोज जाऊन फलक वाचायचा. असल्या संस्थेला मी 'क' वर्ग दिला असता."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. नंतर कळलं की फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेही नेमक्या याच मुद्द्यावर तो परवाना मुक्त नाही असं म्हटलं होतं. आज दिलेली नक्कल उद्या परत मागता येत असेल तर ती दिली असं म्हणायचं कसं? ते कलम जायला २०११ उजाडलं. त्या वर्षी डीमॉझने फारसा गाजावाजा न करता क्रिएटिव्ह कॉमन्सचा, फक्त श्रेय मागणारा परवाना घेतला.

मधल्या काळात ते सगळ्यात मोठं झालं. ऑक्टोबर १९९९ मध्ये १० लाख दुवे, ऑगस्ट २००० मध्ये २० लाख, डिसेंबर २००३ मध्ये ४० लाख. याहूला कधीच मागे टाकलं होतं. तर्‍हेतर्‍हेच्या भाषा आल्या, मराठीचाही विभाग होता. विद्यापीठांना तर ही नक्कल म्हणजे घबाडच सापडलं. माणसांनी वाचून, समजून वर्गवारी केलेली लाखो पानं, फुकट! स्टॅनफर्डच्या ताहेर हवेलीवालांनी २००२ मध्ये विषयानुसार बदलणाऱ्या पेजरँकची जी पद्धत मांडली, ती डीमॉझच्या वरच्या १६ वर्गांवरच उभी होती. मजकुराचं वर्गीकरण यंत्राला शिकवणाऱ्यांनीही हाच विदा वर्षानुवर्षं वापरला. म्हणजे यंत्राने माणसाची जागा कशी घ्यावी, हे यंत्राला शिकवायला माणसांनीच हाताने धडे लिहून दिले. (आज हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना?)

पण उघड्या दारातून नको तेही येतं. गूगल आपली नक्कल घेतं म्हटल्यावर डीमॉझमधल्या नोंदीला भाव आला. एक नोंद झाली की शेकडो नकलांमधून त्या स्थळाकडे शेकडो दुवे. मग सूचनांचा पूर आला, तोही बहुतेक कचऱ्याचा. माझ्या बेचाळीस स्थळांच्या गावठी वर्गातसुद्धा रोज कॅसिनो आणि गृहकर्जवाले. चांगली स्थळं त्यात बुडून जात, लोक वर्ष-वर्ष वाट पाहत आणि संपादकांना शिव्या घालत. काही संपादक पैसे घेतात अशी कुजबुज होती, आरोपही झाले. मला एकदा एका हॉटेलवाल्याने निरोप पाठवला, 'सर, काय असेल ते समजून घेऊ.' एरवी आयुष्यात मला कुणी लाच देऊ केली नाही! ज्या खुलेपणामुळे काम जगभर गेलं त्याच खुलेपणाने कामाला कीड लागली, हे मला तेव्हा फार लागलं. फुकट नक्कल नसती तर नोंदीला एवढी किंमतच आली नसती.

मग बंद नक्कल बरी का? तेही पाहू. झील नावाची अशीच स्वयंसेवकांची सूची होती. २००० साली लुकस्मार्टने ती २ कोटी डॉलरला घेतली. तिथलेही लोक आमच्यासारखेच रात्री जागत, पण त्यांनी केलेल्या नोंदी कंपनीच्या धंद्याचा माल होता. २००६ मध्ये कंपनीने ती बंद केली आणि विषय संपला. घरी न्यायला नक्कल नव्हती.

आमचीही मालक एव्हाना नेटस्केप नव्हती. १९९९ मध्ये नेटस्केपलाच एओएलने गिळलं होतं. त्याच वर्षी एओएलच्या गप्पांच्या खोल्या सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी, आम्हाला मजुरी द्या म्हणून न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. तो २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटला. डीमॉझच्या संपादकांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण मी बातमी वाचली आणि काकांचा चष्मा पुसणं आठवलं. मला स्वतःला मजुरी हवी होती का? नाही. खरंच नाही. पण माझ्याकडे सीडी होती, आणि 'नाही' म्हणणं त्यामुळे सोपं होतं.

२० ऑक्टोबर २००६ ला डीमॉझचा सर्व्हर कोसळला. १८ डिसेंबरपर्यंत एकाही संपादकाला काम करता आलं नाही, लोकांना नुसती जुनी पानं दिसत. त्या दोन महिन्यांत माझी सवय तुटली ती कायमची. पुढे कधीतरी चार महिन्यांची अट भरली आणि माझा प्रवेश बंद झाला. कुणी काढलं नाही, मीच गेलो नाही. तोवर गूगलला सूचीची गरज उरली नव्हती. जुलै २०११ मध्ये गूगल डिरेक्टरी गेली, २०१४ च्या अखेरीस याहूची सूची गेली. आणि फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस एओएलने जाहीर केलं की आता पुरे. १७ मार्चला डीमॉझ बंद. तेव्हा तिथे ३८ लाखांवर स्थळं होती, १० लाखांवर वर्ग, आणि आजवरच्या संपादकांची संख्या ९० हजारांच्या वर.

इथे काकांचा प्रश्न शेवटचा आला. दप्तर कुणाच्या ताब्यात? उत्तर निघालं, कुणाच्याच एकट्याच्या नाही. संपादक मंडळींनी पानांची एक जशीच्या तशी प्रत दुसऱ्या पत्त्यावर उभी केली. डीमॉझ हे नाव एओएलचं, ते मिळालं नाही, मग 'कर्ली' असं नवं नाव घेऊन काही जुने संपादक त्याच सूचीचं काम पुढे नेऊ लागले. परवानगी मागायचा प्रश्नच नव्हता, ती परवान्यातच दिलेली होती.

तर आता सीडी. घरात सीडी वाचणारं यंत्रच उरलं नव्हतं, शेजारच्या मुलाकडून जोडायचं मागून आणलं. लागली! फाईल उघडायला संगणक घाम गाळत होता, पण शोध लावला आणि माझी ओळ सापडली. वाचनालयाचा इतिहास, दुर्मिळ ग्रंथांची यादी, वेळा आणि वर्गणी. त्या पत्त्यावर आता कुठल्याशा बुटांची जाहिरात आहे. दुर्मिळ ग्रंथांची यादीही जालावरून गेली.

काकांना फोन लावला. आता त्र्याऐंशी पूर्ण आहेत, ऐकू कमी येतं. मोठ्याने सगळं सांगितलं. कंपनीने दुकान बंद केलं, पण नकलेवरून लोकांनी काम चालू ठेवलं, आणि माझी ओळ अजून आहे. म्हटलं आता तरी 'अ' वर्ग द्या.

"शेऱ्यांची वही आहे का त्यात?" काका म्हणाले.

आता बघा. प्रत्येक नोंदीमागे संपादक आपापसात टिपणं लिहीत. हे स्थळ का नाकारलं, ते दुसऱ्या वर्गात का हलवलं, कुणावर लक्ष ठेवायचं. आमच्या चर्चा, भांडणं, आणि तपासायची राहिलेल्या सूचनांचा तो ढीग. यातलं काही त्या फायलींत कधीच नसे. जगाला मिळत होती ती पक्की यादी. ती कशी ठरली, ते आतच.

"नाही काका. शेरे नाहीत."

"मग 'ब' वर्ग," ते म्हणाले, आणि मुलांच्या परीक्षा कधी आहेत ते विचारलं.

सीडीवरच्या फायली मी पेन ड्राईव्हवर उतरवून घेतल्या आहेत. कुणाला हव्या असतील तर सांगा. वाचनालयातल्या त्या मुलाचा, म्हणजे आता चाळिशीतल्या गृहस्थाचा, पत्ता मिळवतोय. ग्रंथांची मूळ यादी त्याच्याकडे असेल तर बघतो.